नळाचं पाणी बिघडलं? आधी कुठे बिघडलं ते शोधा

गोव्यात नळाच्या पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली की घरात पहिली चर्चा सुरू होते ती कुठलं मशीन घ्यायचं याची. त्याआधी काचेचे तीन स्वच्छ, बिनरंगी ग्लास घ्या. पहिला ग्लास मीटरजवळच्या नळाचा, म्हणजे थेट लाइनचं पाणी. दुसरा गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या न्हाणीघरातल्या नळाचा. तिसरा स्वयंपाकघरातला, फिल्टर असेल तर फिल्टरच्या तोटीचा. तिन्ही पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवा आणि उजेडात बघा, हुंगा. मीटरजवळचा ग्लास नितळ आणि बाकीचे दोन पिवळट असतील तर दोष तुमच्या टाकीत किंवा पाइपात आहे, पाणीपुरवठा खात्याकडे तक्रार करून काही होणार नाही. पहिलाच ग्लास गढूळ असेल तर टाकी कितीही धुतली तरी उपयोग नाही. हा एवढा भेद न केल्यामुळे लोक हजारो रुपये चुकीच्या ठिकाणी घालतात.

सकाळी कुणी नळ उघडण्याआधी एक ग्लास भरा, मग दोन मिनिटं पाणी सोडून दुसरा भरा. पहिला खराब आणि दुसरा चांगला असेल तर रात्रभर पाणी ज्या पाइपात थांबलं त्या पाइपाचा, किंवा तोटीचा, दोष आहे. दोन्ही सारखेच खराब असतील तर मागे जायला हवं: टाकी, संप (जमिनीखालची टाकी), लाइन.

पाणी येतं कुठून

तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांना ओपाचं पाणी, खांडेपार नदीवरचं. सासष्टी, मुरगाव, केपे, सांगे यांना साळावली धरणाचं, शेळपे इथल्या प्रकल्पातून. बार्देशाला अस्नोड्याचं, त्यात तिळारीच्या कालव्याचा मोठा वाटा, पेडण्याला चांदेलचं, सत्तरीला म्हादईवरच्या दाबोसचं, डिचोलीच्या बाजूला वाळवंटीवरच्या पडोसेचं, काणकोणला चापोलीचं. ही सगळी सह्याद्रीच्या पावसावर वाढणारी पाणी आहेत. पाऊस जोराचा, माती जांभ्याची, त्यामुळे क्षार कमी आणि लोह जास्त. म्हणून मुंबई-पुण्याच्या बोअरवेलवाल्या सोसायट्यांचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्याकडे नळाच्या पाण्यात साबणाला फेस भरपूर येतो, गिझरवर पांढरे थर फारसे चढत नाहीत. काही बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी त्याला अपवाद, त्यात कठीणपणा असू शकतो. एरवी हा विषय गोव्यात फार मोठा नाही.

प्रकल्पात पाण्याला तुरटी देतात, गाळ खाली बसवतात, वाळूतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. जून-जुलैत नदी लाल होते तेव्हा तुरटीची मात्रा वाढवावी लागते आणि सगळी यंत्रणा ताणाखाली असते. पण घरी येणारा गढूळपणा प्रत्येक वेळी प्रकल्पातलाच असतो असं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपार भागात ओपाहून येणारी मुख्य जलवाहिनी फुटली आणि तिसवाडी-फोंडा कित्येक दिवस पाण्याविना राहिले. इतकी मोठी घटना क्वचित घडते, पण रिकामी झालेली लाइन पुन्हा भरताना जे होतं ते छोट्या दुरुस्तीनंतरही होतं. पाण्याचा लोंढा पाइपाच्या आतला वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ उचलून आणतो, हवा दाबली जाते, आणि जिथे फट आहे तिथून बाहेरचं पाणी आत आलेलं असतं. म्हणून पुरवठा बंद होऊन परत सुरू झाला की पहिली दहा-पंधरा मिनिटं संपाचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. मीटरजवळचा नळ उघडून ते पाणी बादल्यांत धरा, झाडांना घाला, अंगणात मारा. नितळ आलं की मगच संपात सोडा. एवढ्या एका सवयीने टाकीतला बराच गाळ कमी होतो.

रंग

पांढरं, दुधासारखं पाणी बघून लोक घाबरतात. ग्लास टेबलावर ठेवा आणि मिनिटभर बघा. खालून वर नितळ होत गेलं तर ती दाबाखाली विरघळलेली हवा आहे, बुडबुडे निघून जातात. निर्धास्त प्या. वरून खाली नितळ होत गेलं आणि तळाशी धुरकट थर बसला तर तो गाळ.

लाल-तपकिरी रंग लोहाचा. नळाच्या पाण्यात तो बहुतेक वेळा जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपातून येतो. जस्ताचा मुलामा संपला की आतलं लोखंड गंजतं, आणि आपलं कमी क्षारांचं, किंचित आम्ल पाणी ते काम लवकर करतं. तीस-चाळीस वर्षांच्या घरातला असा पाइप कापून पाहिलात तर आत गंजाच्या गाठी दिसतात आणि अर्ध्या इंची पाइपात पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं असतं. तिथे फिल्टर लावणं म्हणजे दर महिन्याला काडतूस बदलणं. पाइपच बदला, सीपीव्हीसीचा (प्लॅस्टिकचा) किंवा तत्सम घाला.

विहिरीच्या पाण्यातलं लोह वेगळं वागतं. घागर भरताना पाणी अगदी नितळ असतं, आणि सकाळपर्यंत तळाला तांबूस साका बसतो, वर पातळ तवंग येतो. जमिनीखाली हवा नसताना विरघळलेलं लोह हवेशी गाठ पडल्यावर गंज होऊन बाहेर पडतं. त्याची घरगुती परीक्षा सोपी आहे. पेरूची दोन-तीन पानं हातावर चुरगळून ग्लासभर पाण्यात टाका आणि थोडा वेळ थांबा. पानातलं टॅनिन लोहाशी मिळून पाणी जांभळट-काळं करतं. तुलनेसाठी दुसऱ्या ग्लासात पावसाचं पाणी घेऊन तसंच करा, फरक लगेच डोळ्यांना दिसतो. कोरा चहा शाईसारखा काळपट होतो, भात पिवळसर होतो, तोही याच कारणाने. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की चव आणि डाग जाणवू लागतात. आरोग्याला त्या मात्रेत धोका नसतो, कपड्यांना असतो.

डागांवरून एक चूक फार घरांत होते. पांढऱ्या शर्टावर तांबूस डाग दिसला की ब्लीच टाकतात. ब्लीच लोहाला आणखी गंजवतं आणि डाग कायमचा बसतो. लिंबाचा रस आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवा. आम्ल गंज विरघळवतं.

लोह काढायचं तर हवा द्या आणि गाळा. पंपाचं पाणी शॉवरच्या जाळीतून टाकीत वरून पडू द्या, काही तास ठेवा, मग वाळूच्या फिल्टरमधून न्या. पण आपल्याकडच्या जांभ्यातल्या विहिरींचा सामू (पीएच) बऱ्याचदा सहाच्या आसपास असतो, आणि त्या आम्लपणात लोहाचा गंज होण्याची क्रिया फार हळू चालते. म्हणून नुसती हवा देऊन भागत नाही. आधी संगमरवराच्या बारीक खड्यांच्या थरातून पाणी न्यावं लागतं. खडे हळूहळू विरघळून सामू सातच्या वर आणतात, मग लोह पटापट बाहेर पडतं. खडे झिजतात, दर काही महिन्यांनी भर घालावी लागते. हेच कारण तुरटीलाही लागू आहे: तुरटीला काम करायला पाण्यात थोडा क्षार लागतो, तो नसेल तर गाळ बसत नाही आणि पाणी आणखी आंबट होतं. विहिरीच्या पाण्यात तुरटी फिरवून काही झालं नाही असं लोक सांगतात ते यामुळे.

फ्लशच्या टाकीत बोट फिरवल्यावर नारिंगी, बुळबुळीत थर लागला तर ते लोहावर जगणारे जिवाणू. विहिरीवर तेलासारखा रंगीत तवंग दिसला तर काडीने ढवळा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर जिवाणूंचा थर, फिरून एकत्र आले तर खरंच तेल, आणि मग पंपाचं ऑइल गळतंय का ते बघा.

काळे कण दोन जातींचे. बोटांत चोळल्यावर काजळासारखे पसरले आणि लवचिक वाटले तर तो नळातला रबरी वॉशर किंवा जोडनळीच्या आतलं रबर विरघळतंय. क्लोरीन रबराला खातं. वॉशर बदला. कण चुरडले गेले किंवा भांड्याच्या आत काळसर-तपकिरी पापुद्रा बसत असेल तर मॅंगनीज. धरणाच्या तळाशी पाणी साचून राहिलं, तिथला प्राणवायू संपला की चिखलातलं मॅंगनीज आणि लोह विरघळून वर येतं. ज्या पाणलोटात खनिजाची जमीन आहे तिथे ते जास्त. प्रकल्पातून निसटलेलं थोडं मॅंगनीज लाइनमधल्या क्लोरीनशी मिळून हळूहळू काळं होतं आणि पाइपाच्या आत चिकटतं. एखाद्या दिवशी दाब बदलला की ते सुटतं आणि नळातून काळं पाणी येतं. भारतीय मानकात मॅंगनीजची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत. तान्ह्या बाळाचं दूध अशा पाण्यात कालवू नका. पाणी उकळल्याने मॅंगनीज जात नाही, उलट आटल्याने दाट होतं.

बेसिनमध्ये थेंब पडतो तिथे निळा-हिरवा ओघळ असेल तर पाणी तांबं किंवा पितळ खातंय. आम्ल पाण्याची ही सही. जुन्या पितळी नळांतून थोडं शिसंही येऊ शकतं, त्याची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम इतकी कमी आहे. अशा घरात सकाळचं पहिलं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला गिझरचं गरम पाणी घेऊ नका, आणि दोन मिनिटं पाणी सोडून मग कळशी भरा.

वास

क्लोरीनचा वास आला म्हणून तक्रार करणाऱ्यांना एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. तो वास म्हणजे पाण्याला अजून राखण आहे. नको वाटत असेल तर रुंद तोंडाच्या भांड्यात जाळी झाकून रात्रभर ठेवा, उडून जातो. काळजी करायची ती त्याचा अजिबात मागमूस नसेल तेव्हा.

सडक्या अंड्याचा वास आला तर ग्लास भरून दुसऱ्या खोलीत न्या. तिथे वास येत नसेल तर तो पाण्याचा नाही, बेसिनच्या गटाराचा आहे. वास फक्त गरम पाण्याला असेल तर गिझरमधली मॅग्नेशियमची कांडी आणि आत वाढलेले जिवाणू मिळून तो तयार करतात. गिझर पूर्ण तापवून, म्हणजे ६० अंशांच्या वर, तासभर ठेवा आणि ते पाणी सगळं सोडून द्या. गरम पाण्याने हात भाजणार नाही याची काळजी घ्या. मातकट वास धरणात शेवाळ वाढल्याचा असतो, तो कार्बन फिल्टरने जातो आणि अपाय करत नाही. गटाराचा वास थेट लाइनच्या ग्लासाला आला तर मात्र थांबा. पिणं बंद, संपाचा व्हॉल्व्ह बंद, शेजाऱ्यांना सांगा, खात्याला फोन करा.

जे दिसत नाही

आतापर्यंत जे सांगितलं त्यातलं बहुतेक डोळ्यांना त्रास देणारं आहे. पोटाला त्रास देणारं पाणी बहुधा नितळ, बिनवासाचं, गोड चवीचं असतं. मानक सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये. तो ग्लासात बघून कळत नाही आणि टीडीएस मीटरनेही कळत नाही. टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतं.

गोव्यात हे प्रदूषण येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. पाणी दिवसातले काही तास येतं, बाकी वेळ लाइन रिकामी किंवा बिनदाबाची. त्या वेळात पाइपाच्या सांध्यातून आजूबाजूचं पाणी आत शिरतं. पावसात लाइन चिखलात बुडलेली असते, बाजूला कुणाचा तरी सोक पिट, म्हणजे सांडपाणी मुरवायचा खड्डा, असतो. आणि यावर कडी म्हणजे मीटरनंतर थेट लाइनला जोडलेला पंप. आपल्याला जास्त पाणी मिळतं म्हणून लोक तो लावतात. तो पंप लाइनमध्ये ओढ निर्माण करतो आणि पन्नास मीटरवरच्या फटीतलं गटार आपल्याच संपात ओढून आणतो, शिवाय शेजाऱ्याच्याही. पंप लावायचा तर संपात पाणी आपोआप पडू द्या आणि संपातून वर चढवा.

दुसरी वाट खास आपल्याकडची. घरात विहीर आहे आणि नळही आहे. प्लंबर दोन्ही पाइप एकाच टाकीला जोडतो, मध्ये एक व्हॉल्व्ह. नळाला पाणी नसलं की विहिरीचा पंप लावायचा. यात दोन तोटे आहेत. क्लोरीन असलेल्या पाण्यात विहिरीचं पाणी मिसळलं की त्यातलं लोह आणि सेंद्रिय मळ ते क्लोरीन क्षणात खाऊन टाकतात; मग टाकीत नळाचं स्वच्छ पाणी असूनही संरक्षण शून्य. आणि व्हॉल्व्ह झिजला तर विहिरीचं पाणी दाबाने उलट सार्वजनिक लाइनमध्ये जातं. पिण्यासाठी छोटी, दोनशे-तीनशे लिटरची वेगळी टाकी ठेवा आणि तिला फक्त नळाचं पाणी जोडा. विहिरीचं पाणी न्हाणी, संडास, कपडे, बाग यांना. ते जमत नसेल तर निदान दोन्ही पाइप टाकीत वरून, पाण्याच्या पातळीपासून वीतभर उंचावर सुटे पडतील असे ठेवा, एकमेकांना जोडू नका.

विहिरीचं म्हणाल तर जांभ्याचा दगड स्पंजासारखा, आत पोकळ्या आणि नळ्या. वाळूत जसं पाणी गाळून पुढे सरकतं तसं इथे होत नाही, सोक पिटचं पाणी धावतच विहिरीत येतं. त्यात जुलैत भूजल वर आलं की सोक पिट आणि विहीर जवळजवळ एकाच पातळीवर येतात. सेप्टिक टँक विहिरीच्या उताराच्या खालच्या बाजूला आणि जितका लांब नेता येईल तितका लांब हवा. पंधरा मीटरचा सर्वसाधारण नियम जांभ्यात अपुरा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासायचं कसं? दोन वस्तू पुरे. पहिली ओटीओची क्लोरीन परीक्षा, ती लहानशा खोक्यात मिळते. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, पाच थेंब टाका, हलवा आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत रंग बघा. पिवळा रंग पट्टीशी जुळवा. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. उशिरा येणारा पिवळेपणा मोजू नका. नंतर ते पाणी फेकून द्या, भांड्यात ओतू नका. हीच परीक्षा मीटरजवळ आणि स्वयंपाकघरात करा. मीटरजवळ पिवळं आणि घरात बिनरंगी आलं तर क्लोरीन तुमच्या टाकीत संपतंय: एकतर गाळ आहे, नाहीतर पाणी फार दिवस पडून आहे. हिशेब करा. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराला दिवसाला ५४० लिटर लागतात. दोन हजार लिटरची टाकी म्हणजे जवळजवळ चार दिवसांचं शिळं पाणी.

दुसरी वस्तू म्हणजे एचटूएसची बाटली. नळाच्या तोंडाची जाळी काढा, तोंड पुसा, दोन मिनिटं पाणी सोडा, बाटलीच्या आत बोट न लावता खुणेपर्यंत भरा, हलवा आणि घरातच ठेवा. आपल्याकडची उष्णता पुरेशी आहे. २४ ते ४८ तासांत काळी पडली तर पाणी पिण्याजोगं नाही. फेकण्याआधी त्यात ब्लीचिंग पावडर टाका. पुढची खात्री हवी असेल तर सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना देता येतो. जिवाणूंसाठी बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली घ्या आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

तोवर उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. गढूळ असेल तर आधी चार पदरी सुती कापडातून गाळा.

ब्लीचिंग पावडर, मापात

पिण्याच्या पाण्यासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर. यातून लिटरमागे साधारण ०.७ मिलिग्रॅम क्लोरीन पडतं. विहिरीचं पाणी असं मोजा: व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले चार, गुणिले हजार, की लिटर आले. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. बादलीत थोड्या पाण्याने तिची पेस्ट करा, बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं थांबा. खाली चुना बसतो. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत काढा आणि तेवढंच विहिरीत सोडून, बादली वरखाली करून मिसळा. चुना विहिरीत टाकू नका, पाणी कठीण होतं. संध्याकाळी टाका, सकाळपर्यंत पाणी काढू नका. लोह जास्त असलेल्या विहिरीत ही मात्रा कमी पडते, म्हणून तासाभराने ओटीओने बघा आणि पिवळं आलं नाही तर पुन्हा द्या.

टाकी धुताना मात्रा वेगळी, कारण ते पाणी प्यायचं नसतं. पाणी वापरून वीतभर उरू द्या, साबणाशिवाय ब्रशने घासा, गाळ फडक्याने उचला. मग टाकी भरा, हजार लिटरला २०० ग्रॅम पावडरचं निवळ पाणी मिसळा, घरातले सगळे नळ वास येईपर्यंत उघडा आणि बंद करा. रात्रभर तसंच ठेवा, सकाळी सगळं सोडा, ताज्या पाण्याने भरा. त्या वेळी फिल्टरचा नळ बंद ठेवा, नाहीतर त्यातली मेम्ब्रेन (गाळणारा पातळ पडदा) जाते. हे पाणी झाडांना किंवा ओढ्यात नको. संपात एकट्याने कधीही उतरू नका. झाकण तासभर उघडं ठेवा, वर माणूस उभा असू द्या. बंद संपात प्राणवायू नसतो आणि माणसं गेलेली आहेत. संडासाच्या ॲसिडजवळ ब्लीचिंग पावडर ठेवूसुद्धा नका, दोन्ही मिळून विषारी वायू होतो.

पावडर छोटं पाकीट घ्या. गोव्याच्या दमट हवेत उघडा डबा महिनाभरात मरतो. गोळे झालेली, वास न येणारी पावडर म्हणजे नुसता चुना.

संप फुटलाय का हे पावसात कळतं. रात्री पुरवठा नसताना भिंतीवर पातळीला खडूची खूण करा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं तर भूजल आत येतंय. खाली गेलं तर मे महिन्यात पैसे मुरतायत, जुलैत घाण येणार आहे.

खारं पाणी आणि आरओ

किनारपट्टीच्या गावांत एप्रिल-मेमध्ये विहिरी मचूळ होतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर गोड पाणी तरंगत असतं, आणि गणित असं की गोड पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली की खालचं खारं पाणी सुमारे चाळीस मीटर वर सरकू शकतं. म्हणून उन्हाळ्यात मोठा पंप लावून एकदम उपसणं हे विहीर कायमची खारवण्याचं काम आहे. थोडं थोडं, थांबून थांबून काढा. टीडीएस मीटर इथे खरंच उपयोगी: दर आठवड्याला आकडा कॅलेंडरवर लिहा, चढायला लागला की उपसा कमी करा. अशा विहिरीचं पाणी प्यायची वेळ आली तर आरओ हवं.

नळाच्या पाण्याला मात्र आरओ लागत नाही. त्याचा टीडीएस साधारण शंभराच्या आत-बाहेर असतो. मानकाची मर्यादा ५०० आहे, आणि त्याखाली आरओ नको असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलेलं आहे. आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी गटारात घालतो आणि आधीच सौम्य असलेलं पाणी आणखी आम्ल करतो.

विक्रेते दारात एक प्रयोग दाखवतात तो समजून घ्या. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत धातूच्या सळया बुडवून वीज सोडतात. नळाचं पाणी मिनिटात तपकिरी, गाळाने भरलेलं, आरओचं नितळ. तो गाळ पाण्यातला नसतो, लोखंडी सळई विरघळून झालेला गंज असतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही म्हणून ते नितळ राहतं. त्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तेही तसंच तपकिरी होतं.

लाइनच्या पाण्याला गाळाचं काडतूस, कार्बन आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) किंवा यूएफ (अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी) पुरतं. यूव्हीचा दिवा पेटलेला दिसला तरी वर्षभराने त्याची शक्ती उतरलेली असते, बदला. लोहाचं पाणी असेल तर दिव्याभोवतीच्या काचेवर तांबूस थर बसतो आणि किरण पाण्यापर्यंत पोचतच नाहीत. दर तीन महिन्यांनी लिंबाच्या पाण्याने पुसा. यूव्हीला वीज लागते. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा यूएफ चालू राहतं, म्हणून गावाकडच्या घराला मी यूएफ सुचवेन. कार्बन क्लोरीन काढून टाकतं, त्यामुळे फिल्टरनंतरचं पाणी कळशीत दोन दिवस ठेवू नका.

वर्षातून एकदा उघडणारं घर

माणसं मुंबईत नाहीतर परदेशात, आणि मूळ घर चतुर्थीला उघडतं. तिथे पाणी अकरा महिने पाइपात बसलेलं असतं. क्लोरीन केव्हाच गेलेलं, गिझर जिवाणूंचं कोठार झालेलं, टाकीचं झाकण वाऱ्याने सरकलेलं आणि आत पाल किंवा पाचोळा. गणपतीच्या दोन दिवस आधी कुणीतरी पुढे जावं. टाकी रिकामी करून वर सांगितल्याप्रमाणे धुवावी. गिझर तापवण्याआधी त्यातलं जुनं पाणी सोडावं, मग पूर्ण तापवून पुन्हा सोडावं. शॉवरची जाळी काढून नळी मोकळी वाहू द्यावी आणि त्या वेळी न्हाणीची खिडकी उघडी ठेवून बाहेर थांबावं, कारण साचलेल्या पाण्याचे तुषार श्वासात जाणं चांगलं नाही. नळांच्या जाळ्या काढून लिंबाच्या पाण्यात टाकाव्यात. फिल्टर गेल्या वर्षीचा असेल तर काडतुसं न तपासता फेकावीत. विहिरीत पावडर आदल्या रात्री. सकाळी स्वयंपाकघराच्या नळावर ओटीओचे पाच थेंब, आणि पिवळं दिसल्यावरच पातोळ्यांसाठी तांदूळ भिजत घालावेत.